नवगावचे शनवार तेली आणि नेवातिमचे शेतकरी

मुलांच्या मराठी वर्गात मध्यंतरी मुंबईच्या जुन्या वास्तूंवरचा एक उतारा वाचायला घेतला होता. त्यात सॅम्युएल दिवेकर असे नाव आले. आठवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "हे ख्रिश्चन होते का?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग ब्राह्मण?" तेही नाही म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर अर्धवट राहिले. नंतर दोन-तीन पालकांनीही विचारले, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सॅम्युएल दिवेकर यहुदी होते. घरी त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, पुढे सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आडनाव मात्र दिवेआगरचे. या समाजाचे नाव बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची भाषा मराठी. घरातली, बाजारातली आणि भांडणातलीही.

आता मूळ गोष्टीकडे. अलिबागहून उत्तरेला निघाले की वरसोली, थळ, नवगाव, किहीम, आवास अशी किनाऱ्याची गावे ओळीने लागतात. समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी एक गलबत चौल बंदराकडे येताना नवगावजवळ फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती गावकऱ्यांनी आणि वाचलेल्यांनी मिळून पुरली, पुरुषांची एका जागी आणि बायकांची दुसऱ्या. नवगावच्या कब्रस्तानात या दोन जागा आजही दाखवतात आणि तिथे समाजाने उभारलेला स्मारकस्तंभ आहे. बुडालेल्यांबरोबर त्यांचे धर्मग्रंथही गेले. उरले ते अंगावरचे कपडे आणि डोक्यात राहिलेले चार नियम.

हे कधी घडले? हैम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीवला. किहीमकरांनी गलबत फुटल्याचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा धरला. त्यांचा मुद्दा असा की जुन्या बेने इस्रायलांना हनुक्का हा सण माहीतच नव्हता, आणि तो सण ज्या घटनेवरून सुरू झाला ती त्यानंतरची. मुद्दा चांगला आहे, पण पुरेसा नाही. समुद्रातून वाचलेली चौदा माणसे एखादा सण विसरूही शकतात. शिवाय दुसऱ्या मंदिराचा विध्वंस इसवी सन ७० मधला, आणि त्याच्या शोकाचा उपास मात्र समाजात पाळला जाई. तो मागाहून आला, असे किहीमकरांच्या बाजूने म्हणता येते, पण मग 'काय आधीचे, काय मागाहूनचे' हे ठरवायचे कुणी?

कागदावरचा ठाम पुरावा फार अलीकडचा आहे. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात या लोकांचा उल्लेख येतो. स्वतःला बेने इस्रायल म्हणवणारे, बायबल जवळ नसलेले, पण 'शमा' ही एक प्रार्थना मुखोद्गत असलेले लोक, असे ते वर्णन आहे. २०१६ साली जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश स्पष्ट दिसले, आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साडेसहाशे ते हजार वर्षांमागे झाले असावे असा हिशेब निघाला. माझे मत विचाराल तर गलबताची गोष्ट खरी मानायला हरकत नाही, तारीख मात्र पेन्सिलने लिहावी.

हे लोक शेतकरी होते, पण गाव त्यांनी वसवले असे म्हणता येत नाही. वसलेल्या गावांत एक घर, दोन घरे करून ते राहिले. याचे कारण त्यांच्या धंद्यात आहे. शेतीबरोबर त्यांनी तेलाचा घाणा धरला. लाकडी घाणा, त्याला डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल, वर तीळ नाहीतर खोबरे, खाली तेल आणि शेवटी उरलेली पेंड. एका लहान गावाला एक-दोन घाणे पुरतात. भाऊ वेगळे झाले की दुसऱ्याने पुढचे गाव गाठायचे. म्हणून हा समाज कुलाबा जिल्हाभर, म्हणजे आजच्या रायगडभर, आणि जंजिऱ्याच्या मुलखात पसरला. किहीमकर, नवगावकर, थळकर, आवासकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, पेझारकर अशी शंभराहून जास्त आडनावे गावांवरून झाली. आपल्यात पैठणकर, नांदेडकर आहेत तशीच. गाव सुटल्यावर आडनावात गाव धरून ठेवायची ही मराठी सवय त्यांनी पूर्ण उचलली.

शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे. शनिवारी बैल सुटा, घाणा कोरडा आणि घरात चूल नाही. तेल हवे असेल तर गावाने ते आधी नेऊन ठेवायचे. इतर तेली आपापल्या दिवशी घाणा बंद ठेवत, कुणी सोमवारी. यांचा दिवस शनिवार, म्हणून गावाने नाव ठेवले 'शनवार तेली'. हे नाव त्यांच्या धर्माचे होते हे ठेवणाऱ्यांना माहीत नव्हते. पण जातीच्या चौकटीत तेवढी जागा मिळाली आणि शब्बाथ टिकला. एका अर्थी त्या गावांनी न कळत त्यांचा धर्म सांभाळला.

दुसरीही बाजू सांगायला हवी. जातीच्या चौकटीत राहिले की चौकट आतही येते. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. दुसऱ्या समाजातल्या स्त्रीपासून झालेल्या वंशाला काळे म्हणत, आणि त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार टाळत. हे मागे पडायला विसावे शतक बरेच सरावे लागले.

धर्मग्रंथ नसताना सण कसे टिकले? मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. यहुदी पंचांग चांद्र-सौर आहे, म्हणजे आपल्यासारखेच. महिना अमावस्येनंतर सुरू होतो, पौर्णिमा मध्यावर येते, आणि सौर वर्षाशी मेळ ठेवायला मधूनमधून अधिक महिना घालतात. त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात आणि ते वर्षातल्या एकाच ठरावीक जागी. आपल्याकडे अधिक महिना वेगवेगळ्या जागी येऊ शकतो, त्यामुळे काही वर्षी दोन्ही पंचांगांत महिन्याचा फरक पडतो. एरवी ती बरोबरीने चालतात. २०२२ साल घ्या. पुरीम आणि होळी एकाच दिवशी आले. पेसाह, म्हणजे वल्हांडण, सुरू झाला तो हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी. यहुदी नववर्ष, रोश हशाना, घटस्थापनेच्या वेळी. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे हिब्रू पंचांग नव्हते, त्याला शेजारच्याची तिथी ऐकून आपला सण बऱ्यापैकी अचूक धरता येत होता.

त्यामुळे सणांची नावेही मराठी झाली. पुरीमला ते 'होळीचा सण' म्हणत. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. त्यानंतर काही दिवसांनी 'खिरीचा सण' असे, त्याला नव्या तांदळाची गोड खीर करून धूप घालून घरात प्रार्थना होई. कोकणात हळवे भात याच सुमारास हाती येते, तेव्हा सण धर्माचा किती आणि शेताचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपास, हा 'दारफळणीचा सण'. घराचे दार बंद करून, पांढरे कपडे घालून, बाहेरच्यांशी न बोलता दिवस काढायचा. त्या दिवशी पितर घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात अशी समजूत होती. दुसरा दिवस 'शिळा सण', त्या दिवशी गरिबांना दान द्यायचे आणि एकमेकांकडे जायचे. पितरांची समजूत कुठून आली हे आपल्याला वेगळे सांगायला नको, आदला पंधरवडा पितृपक्षाचाच असतो. मंदिराच्या विध्वंसाचा उपास तो 'बिरड्याचा रोजा'. 'रोजा' शब्द शेजारच्या मुसलमानांकडून घेतला आणि बिरडे कोकणातले. श्रावणाच्या सुमारास मोड आणून सोललेले वाल, दुसरे काही नाही. पावसात मासेमारी बंद असते, शेतात भाज्या नसतात, आणि भात कापल्यावर ओलीवर घेतलेला वाल मडक्यात साठवलेला असतो. शोकाच्या दिवसाचे जेवण गावाच्या कोठारातून ठरले.

खाण्याचे नियम पाळतानाही कोकण मदतीला आले. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. नारळाच्या दुधाला ती अडचण नाही, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध आणि नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा नारळी हलवा. खवल्याचे मासे खायचे, बिनखवल्याचे नाही.

या माशांवरच एक प्रसिद्ध गोष्ट बेतलेली आहे. डेव्हिड रहाबी नावाचे यहुदी गृहस्थ कोकणात आले, त्यांना या तेल्यांबद्दल शंका आली आणि त्यांनी घरच्या बायकांना सगळ्या प्रकारचे मासे आणून शिजवायला दिले. बायकांनी खवल्याचे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आपल्यात खात नाहीत असे सांगितले. रहाबींची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले आणि ते समाजाचे काजी झाले. हे रहाबी केव्हा आले याबद्दल एकमत नाही. काही जण हजार वर्षांमागे नेतात, काहींच्या मते ते अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातले. परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि ती बायकांनी पास केली, एवढे मात्र सगळ्या आवृत्त्यांत सारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात गावे रिकामी होऊ लागली. फौज, रेल्वे, कचेऱ्या, गोदी. ज्या कारणांनी आपली घरे काचीगुड्यापर्यंत आली त्याच प्रकारची ही कारणे. पण गावाकडे बांधकामही याच काळात झाले, कारण मुंबईला पैसा मिळू लागला होता. अलिबागचे 'मागेन आबोथ' १८४८ चे. त्या गल्लीला इस्रायल आळी म्हणतात. पनवेलचे 'बेथ एल' १८४९ चे. रेवदंड्याला आणि पेणलाही प्रार्थनास्थळे झाली. मराठीत धर्मग्रंथ आले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला आणि १८७४ मध्ये पुण्यात सचित्र निघाला. त्यातल्या चित्रांत बायका लुगड्यात आहेत. पुढे अब्राहाम, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि ती टाळ-पेटीवर सादर झाली. मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा निघाली, तीही किहीमकरांच्याच पुढाकाराने. पुढे ती सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

शिक्षणाबरोबर एक हानीही झाली. शुद्ध हिब्रू नावे कळल्यावर खिरीचा सण, दारफळणी, बिरड्याचा रोजा ही नावे अडाणीपणाची वाटू लागली आणि मागे पडली. ज्यांनी धर्म टिकवला तीच नावे अशी गेली. आपल्याकडेही मुले 'सांडगे' म्हणायला लाजतात आणि 'वडियाँ' म्हणतात, पण तो विषय वेगळा.

मग १९४८ आले. इस्रायल स्थापन झाले तेव्हा भारतात बेने इस्रायल वीस हजारांहून अधिक होते. पुढच्या तीस वर्षांत बहुतेक निघून गेले. हाकलले म्हणून नव्हे. इथे त्यांना कुणी त्रास दिला नव्हता, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. तिकडे गेल्यावर मात्र शेत मिळेल अशी आशा करणाऱ्यांना बहुतेक करून नवी औद्योगिक गावे मिळाली. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, येरुहाम. कोकणातल्या भातशेतकऱ्यांची नातवंडे वाळवंटातल्या कापड गिरणीत लागली. १९५१ मध्ये भेदभावाच्या तक्रारीवरून काहींनी धरणे धरले आणि त्यांतले काही भारतात परतले. पुढे पुन्हा गेले, हेही खरे.

याहून मोठा घाव १९६२ चा. तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. म्हणजे कोकणात ज्यांना शनिवार पाळणारे म्हणून वेगळे ओळखले, त्यांना जेरुसलेमला विचारले गेले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? समाजाने दोन वर्षे लढा दिला, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने, क्नेसेतने, बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला आणि ती सूचना बदलावी लागली. लढणाऱ्यांच्या घरात तेव्हाही मराठीच बोलली जात होती.

ज्या भारतीय यहुद्यांनी खरोखर शेतीचे गाव उभे केले ते कोकणातले नाहीत, कोचीनचे आहेत. भाषा मल्याळम. पण गोष्ट आपल्या विषयाची आहे. नेगेव वाळवंटात बेरशेबाजवळ नेवातिम नावाचे गाव आहे. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये, योम किप्पुर संपल्याच्या रात्री, नेगेवमध्ये एकदम ११ वसाहती उभारल्या गेल्या, त्यांतली ही एक. पहिले लोक टिकले नाहीत. १९५४ मध्ये कोचीनहून आलेल्या कुटुंबांनी ती पुन्हा वसवली. त्यांना वाळवंट का मिळाले, तर हत्तीरोगाची भीती. केरळच्या लोकांबरोबर तो रोग येईल आणि डासांमुळे पसरेल असे तिथल्या आरोग्य खात्याला वाटले. म्हणून त्यांचे येणे लांबवले आणि पुष्कळांना कोरड्या किंवा डोंगराळ भागात पाठवले. मेसिलात झियोन, ताओझ, अवीएझेर, युवाल ही गावेही कोचीनवाल्यांची.

नेवातिम हे 'मोशाव' आहे. किबुत्झमध्ये जमीन, उत्पन्न, जेवण सगळे सामाईक. मोशावमध्ये प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे घर आणि स्वतःचा जमिनीचा तुकडा, पण बी-खत घेणे, माल विकणे आणि पाणी सहकारी पद्धतीने. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला हे लगेच कळेल. नारळ-मिरीच्या मुलखातल्या, बरेचसे व्यापारी असलेल्या माणसांना पाऊस जेमतेम पडणाऱ्या मातीत उतरायचे होते. चेंदमंगलमहून आलेले एलियाहू बेझलेल मेंढ्या राखण्यापासून सुरुवात करून फुलशेतीकडे वळले. हरितगृहात गुलाब वाढवून त्यांनी युरोपला पाठवले, आणि पुढे भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. त्या ११ वसाहतींपैकीच हात्झेरिममध्ये १९६५ साली ठिबक सिंचनाची नेताफिम कंपनी निघाली. जालना-जळगावकडच्या ज्या वाचकांच्या शेतात मोसंबीला किंवा केळीला काळ्या नळ्या आहेत, त्यांच्या नळीचे आजोळ तिथे आहे म्हणायला हरकत नाही.

आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार यहुदी उरले असतील, बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे शाळांना आणि विवाहनोंदणीच्या कामांना सोय झाली. रायगडातल्या गावांत मोजकीच घरे आहेत. प्रार्थनेला दहा पुरुषांची गणसंख्या लागते, ती जमवायला मुंबईहून माणसे येतात. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक निघत आले आहे, पण वाचणारी पिढी वयस्कर आहे आणि नातवंडे हिब्रू बोलतात. मराठी त्यांना आजीच्या स्वयंपाकघरातली तेवढी कळते. यावर मी काही बोलत नाही, आपल्या वर्गाची हजेरी आपल्याला ठाऊक आहे.

एक विधी मात्र दोन्हीकडे जोरात आहे. तो म्हणजे मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर आणि वेलची घालायची, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेऊन प्रार्थना करायची. लग्न ठरले, मूल झाले, नवस फेडायचा, घर घेतले की मलिदा. जगातल्या इतर यहुद्यांत हा नाही. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाचा रथ तिथे टेकला आणि खडकावर खूण उमटली अशी श्रद्धा आहे. त्याला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. तू बिश्वात हा झाडांचा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा इथे समाज जमतो आणि इस्रायलहून आलेली कुटुंबेही असतात.

कुणाला बघायला जायचे असेल तर इथून पनवेलपर्यंत रात्रीचा प्रवास, आणि तिथून पेण-वडखळमार्गे अलिबाग. इस्रायल आळी एस.टी. स्टँडपासून फार लांब नाही. प्रार्थनास्थळात शनिवारी दर्शनाला म्हणून जाऊ नये, तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. एरवी आधी विचारून जावे आणि पुरुषांनी डोके झाकावे. नवगावचे कब्रस्तान किनाऱ्याच्या बाजूला आहे. गावात 'यहुद्यांचे कब्रस्तान' म्हणून विचारले तर बोट दाखवतील. 'शनवार तेली' म्हणून विचारलेत तर एखादे म्हातारे माणूसच ओळखेल.